देवाकडे पाठ करून घातलेलं गाऱ्हाणं

एकदा एक आई खाडीच्या काठावर बसून पाण्याची वाट बघत होती. पाणी येण्याची नव्हे, पाणी जाण्याची.

तिचं नाव आवडी. मांडीवर लेकीचं दप्तर होतं आणि शेजारी लेक, कुंदा. नुकतीच पहिलीत गेलेली, वेण्यांच्या रिबिनी दातांनी कुरतडणारी. पलीकडच्या काठावर शाळा होती. या काठावरून तिची कौलं दिसत, पताकांसारखे वाळत घातलेले मुलांचे रुमाल दिसत, आणि घंटा वाजली की तिचा नाद पाण्यावरून हलकेच तरंगत येई. भरती असली की तो नाद ओला होऊन आल्यासारखा वाटे.

"आई, पाणी कुठे जातं गं?" कुंदाने विचारलं.

"समुद्राकडे."

"त्याची शाळा तिकडे असते?"

"असेल बाई."

"मग त्याला सोडायला कोण जातं?"

आवडी हसली नाही. तिची नजर पाण्यातल्या एका काळ्या दगडावर होती. त्या दगडाचा माथा उघडा पडला की पोरांनी चपला हातात घ्यायच्या, दप्तर डोक्यावर घ्यायचं आणि चिखलातून पलीकडे निघायचं, असा त्या गावाचा शिरस्ता झाला होता. ओहोटीची वेळ रोज सरकते. म्हणून शाळेची वेळ एक आणि पाण्याची वेळ दुसरी, आणि दोन्हींच्या मधे गावातल्या आया बसलेल्या.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तिथे साकव होता. पोफळीची खोडं आडवी टाकायची, खाली माडाचे खांब रोवायचे, धरायला बांबू आणि बांधायला काथ्याची दोरी. वर्षाला तो एकदा कुजायचा आणि वर्षाला एकदा गाव पाण्यात उतरून तो नवा घालायचं. आवडी स्वतः त्याच साकवावरून पलीकडे जाऊन सातवीपर्यंत शिकली होती. चालताना तो खालीवर हलायचा. आपण चालत नसून कोणीतरी आपल्याला अलगद झुलवत पलीकडे नेत आहे, असं तेव्हा तिला वाटायचं. अजूनही कधी स्वप्नात तिच्या पायांखाली तो हलायचा.

मग एके वर्षी वार्ता आली की खाडीवर पूल मंजूर झाला. पक्का, सिमेंटचा, गाडी जाईल असा. काठावर निळ्या रंगाचा फलक उभा राहिला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नियोजित पूल'. गावाने फलकाला हार घातला. आणि त्या वर्षापासून गावाने साकव घालायचं सोडून दिलं. पक्का पूल येणार, तर काथ्या कोण वळत बसेल? जुना साकव हळूहळू वाकला, एका भरतीबरोबर अर्धा गेला, दुसऱ्या भरतीबरोबर उरलेला गेला. फलक मात्र उभा होता. दुपारी त्याच्यावर पाणकावळा बसून पंख वाळवत असे, जणू तो पूल त्याच्याच नावावर मंजूर झाला होता.

आणि तशात एक दिवस कुंदा अडकली.

परत येताना पोरं चिखलात रमली, पाठ फिरवून गेलेल्या पाण्याने पुन्हा इकडे तोंड केलं, आणि मोठी मुलं धावत काठाला लागली तेव्हा कुंदा त्या काळ्या दगडावर एकटी उभी होती. रडत नव्हती. भोवती चढणाऱ्या पाण्याकडे कुतूहलाने बघत होती. आवडी लुगड्यासकट आत शिरली. पाणी गळ्याशी आलं. लेकीला तिने खांद्यावर घेतलं आणि काठावर आणलं, आणि मग कुंदा म्हणाली, "आई, मला वाटलं दगडच बुडतोय. मी नाही."

त्या दिवसापासून आवडीचा डोळा लागेना. डोळे मिटले की पाणी. भाकरी थापताना पाणी, केर काढताना पाणी. नवरा बोटीवर कामाला, महिनोन् महिने दूर. त्याला काय सांगणार आणि तो तिथून काय करणार? तिने मनाशी ठरवून टाकलं, जत्रेपर्यंत बघायचं. तोवर काही झालं नाही तर पोरीला घरी बसवायचं. शिकली नाही तर नाही, जगेल तरी. आणि हे ठरवल्यावर तिला इतकं वाईट वाटलं, की ती चुलीपाशी बसून स्वतःचं सातवीचं पुस्तक आठवत राहिली, त्यातल्या चित्रांसकट.

त्या गावात एक वृद्ध बाबा होते. ग्रामदेवाच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्याकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मांडलेलं मागणं. जत्रेच्या दिवशी बाबा देवासमोर उभे राहत, मागे सारं गाव हात जोडून उभं. बाबा एकेक मागणं मोठ्याने म्हणत, आणि प्रत्येक मागण्याला मागून गाव एका सुरात ओरडे, "व्हय म्हाराजा!" मूल बोलायला लागलं की आई आणि पाणी या शब्दांच्या पाठोपाठ ते हेच शिकत असे.

आवडी देवळात हार ओवून द्यायची. ओवता ओवता बाबांचे शब्द तिच्या ओठांवर येत. बाबांनी ते एकदा पाहिलं. गावातली जवान माणसं कामाधंद्याला पांगलेली, हे शब्द घ्यायला कोणी नव्हतं. तेव्हापासून ते तिला शिकवू लागले. लोक बोललेच. गुरव म्हणाला, "बाबा, बाईमाणूस गाऱ्हाणं घालणार होय?"

बाबा म्हणाले, "घरात दिवसभर कोण घालतं रे? तुझी बायको गप्प असते काय?"

गुरव समईत तेल घालायला वळला.

शिकवण सोपी नव्हती. गाऱ्हाण्यात मोघम काही चालत नसे. "कोणीतरी आजारी आहे" असं आवडी म्हणाली की बाबा थांबवत. "कोण? कोणत्या घरातलं? देवाने काय दारोदार विचारत फिरायचं?" श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे चढवायचा, आणि गावाला 'व्हय' म्हणायला जागा कुठे ठेवायची, हे सगळं ती शिकली होती. तरी बाबा म्हणत, "एक राहिलंय तुझं." काय राहिलंय ते सांगत नसत.

कुंदा अडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी आवडी हार ओवायला बसली आणि तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना. "बाबा, मी म्हणते, सरकारने आधी शाळा बघावी की आधी फलक लावावा? आणि लावला तर लावला, मग पूल नको बांधायला? यांची पोरं चिखलातून जातात काय? मी म्हणते, कायदाच करायला हवा, की मंजूर म्हटलं की अमुक दिवसांत झालंच पाहिजे. आणि आमची ग्रामपंचायत! चौकातला दिवा बदलायला..."

बाबा फुलं निवडत होते. "हे मत आहे का गाऱ्हाणं?"

"दोन्हींत काय फरक?"

"मत बोलून झालं की माणसाला बरं वाटतं. गाऱ्हाणं घातलं की वाट बघावी लागते. मत वाऱ्यावर जातं. गाऱ्हाणं कोणाच्या तरी दारात जातं."

"मग मी कोणाच्या दारात जाऊ?"

"तेच तर राहिलंय तुझं," बाबा म्हणाले, आणि कोमेजलेलं एक फूल त्यांनी बाजूला ठेवलं.

त्या संध्याकाळी शेटच्या दुकानापुढे माणसं जमली. शेट गावातले एकमेव व्यापारी. मीठमिरचीपासून जाळ्याच्या दोऱ्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे मिळे, आणि त्याबरोबर सल्ला फुकट. आवडी तेल घ्यायला गेली होती. कुंदा अडकल्याची गोष्ट गावभर झालेली.

"वाईट झालं हो," शेट म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांचा नातूही त्याच चिखलातून जायचा. "पण धीर धरायला हवा. माझं सरळ म्हणणं आहे. उद्या आपण साकव घातला, तर साहेब लोक येतील, बघतील, म्हणतील, अरे, यांची सोय आहे की! पूल दुसऱ्या गावाला द्या. मंजूर झालेला पूल हातचा जाईल. त्यापेक्षा त्यांना बघू दे, पोरं चिखलातून जातात ते. बघू दे एकदा."

"आणि बघायला येणार कधी ते?" भागीकाकूंनी विचारलं. भागीकाकू खाडीवर कालवं काढून विकायच्या, जीभ कोयत्यासारखी. "ओहोटी बघून येणार की भरती बघून? नाहीतर फलक बघतील आणि म्हणतील, झाला वाटतं पूल!"

सगळे हसले. शेटही हसले. "काकू, तुम्ही हसा. पण हक्क सोडायचा नाही. आज साकव घातला की उद्या शाळेचं छप्परही तुम्हीच घाला म्हणतील, परवा मास्तरही तुम्हीच आणा म्हणतील. जे सरकारचं काम ते सरकारने करावं." मग ते आवडीकडे वळले. "आवडे, तू गाऱ्हाणंवाली ना आता? मग घाल की यंदा देवाला. म्हणावं, सरकारला बुद्धी दे."

आवडी तेलाची बाटली धरून उभी राहिली. दुःख हे होतं, की शेटचं म्हणणं तिला पटत होतं. पूल सरकारनेच बांधायला हवा हे खरं होतं. साकव घातला तर पूल जाईल हेही खरं असू शकत होतं. सगळं खरं होतं, आणि त्या सगळ्या खरेपणाच्या मधोमध एक काळा दगड होता, आणि दगडावर तिची पोर.

ती बाबांकडे गेली. म्हणाली, "यंदा पुलाचं गाऱ्हाणं घाला."

बाबा म्हणाले, "शब्द तू बांध. मी घालतो."

जत्रा येईपर्यंत ती शब्द बांधत राहिली. पाण्याची वाट बघताना बांधायची, कुंदाला थोपटताना बांधायची. बाबांना म्हणून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत, एखादा शब्द काढायला लावत. शेवटी एके सकाळी त्यांनी मान डोलावली. "चांगलं बांधलंस. यातला काना-मात्रा मी हलवणार नाही. फक्त मी उभं कुठे राहायचं, ते माझं मी बघेन."

आवडीला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून म्हणत असतील.

जत्रेच्या दिवशी दुपार कलली तेव्हा देवळाचं आवार भरलं होतं. कामासाठी दूर गेलेली माणसं परत आली होती. अगरबत्तीचा धूर उन्हात थांबून राहिला होता, वर चढेना, खाली उतरेना. ढोल एकदम थांबले. त्या शांततेत दूरवर पाण्याचा आवाज आला, आणि आवडीने सवयीने ओळखलं, भरती लागली. कुंदा तिच्या पुढ्यात उभी होती, हात जोडून, एक डोळा मिटून आणि एक उघडा ठेवून.

बाबा नारळ घेऊन पुढे झाले. देवासमोर उभे राहिले. क्षणभर थांबले. आणि सावकाश वळून त्यांनी देवाकडे पाठ केली.

आता त्यांचं तोंड गावाकडे होतं.

आवारात कुजबुज पसरली. गुरव पुढे सरकून हळूच म्हणाला, "बाबा, देव इकडे आहे."

"ठाऊक आहे मला. बरीच वर्षं ओळख आहे."

"वय झालं हो," कोणीतरी म्हणालं. "दिशा कळत नाहीत."

बाबांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि गळा खाकरला. तो आवाज निघाला आणि कुजबुज आपसूक विरली, कारण त्या आवाजाला काय करायचं असतं ते तिथल्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक होतं.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरं आज तुझ्या पुढ्यात उभी आहेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"तुझ्या लेकरांची वाट पाण्यात गेली आहे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लहान पोरं चिखलातून जातात, भरतीला अडकतात. आवडीची कुंदा दगडावर अडकली. हे तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवडीने मान वर केली. शब्द तिचेच होते. रात्रंदिवस मनात घोळवलेले. पण बाबा 'तू' म्हणत होते, तेव्हा त्यांचे डोळे शेटवर होते, मग भागीकाकूंवर, मग मच्छीमारांवर, मग आंब्याखाली उभ्या असलेल्या पोरांवर. ते डोळे फिरत फिरत तिच्यावर आले आणि क्षणभर थांबले.

"तुला काय कमी आहे रे म्हाराजा? माड तुझे, बांबू तुझे, बळ तुझं, खाडी तुझी!"

"व्हय म्हाराजा!" आवाज आला, पण कडेने थोडा फाटलेला. काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लेकरांचे हाल वरून बघत उभा राहू नकोस. खाली उतर. पाण्यात पाय घाल. आणि माझ्या पोरांना वाट करून दे रे म्हाराजा!"

धूर तसाच थांबलेला. शेटचं तोंड उघडं होतं, शब्द बाहेर येत नव्हता. त्या एका क्षणात सारं गाव पाण्याखाली गेल्यासारखं निःशब्द झालं.

मग कुंदा, जिला यातलं काहीच कळलं नव्हतं, जिला इतकंच ठाऊक होतं की आता आपली पाळी, ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आणि सवय अशी असते, की तिच्या पाठोपाठ सगळं गाव ओरडलं.

बाबांनी नारळ फोडला. पाणी पायरीवर सांडलं.

शेट पुढे आले. चेहरा गोरामोरा. "बाबा, हे काही बरं नाही. आम्ही देवाला म्हणून 'व्हय' म्हटलं. सवयीने म्हटलं. फसवलंत तुम्ही."

बाबा पायरीवर बसले. दम लागला होता. सावकाश म्हणाले, "शेट, मी आयुष्यभर देवाकडे तोंड करून मागत आलो. देव कधी बोलला नाही. मी मागायचो, आणि 'व्हय' कुठून यायचं? माझ्या पाठीमागून यायचं. तुमच्या तोंडून यायचं. देव हसत असेल मनात, की हा मला विचारतो आणि उत्तर दुसरेच देतात, तरी हा मान वळवून बघत नाही. आता माझे दिवस थोडे राहिले. म्हटलं, ज्याचं उत्तर येतं त्याचं तोंड एकदा बघून घ्यावं."

"पण मग पूल?"

"पूल मागायचाच. तो हक्काचा आहे, सोडाल तर मीच तुमच्याशी भांडेन. पण शेट, आपण काय केलं? पूल मिळावा म्हणून लेकरं साक्षीला उभी केली, तीही पाण्यात. ती काय आपल्या अर्जाला जोडायची कागदं आहेत? अडलेलं बघून ज्यांना पाझर फुटेल असं आपण म्हणतो, ते दूर आहेत. आपण तर जवळ होतो. आपल्याला कुठे फुटला?"

मग भागीकाकूंनी पदर कमरेला खोचला, जणू ओहोटी आताच लागली होती.

"माझ्या परसात एक माड पडलाय वादळाने," शेट जमिनीकडे बघत म्हणाले. "आडवाच आहे. न्यायचा तर न्या." आणि मग थोडं हसून, "नाहीतरी तो माझ्याआधीच 'व्हय' म्हणून बसलाय."

हशा पिकला, आणि त्या हशात गाव पुन्हा श्वास घेऊ लागलं.

माणसं पांगल्यावर आवडी बाबांपाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडा रागही. "बाबा, माझे शब्द फिरवलेत तुम्ही."

"शब्द नाही फिरवले. मी फिरलो."

"देवाचा अपमान नाही झाला?"

बाबांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. आत समई शांत तेवत होती. "पोरी, इतकी वर्षं मी देवाला बघत होतो. आज त्याच्याकडे पाठ केली, तेव्हा तो रोज काय बघतो ते पहिल्यांदा मला दिसलं. एवढी माणसं! एवढे हात! सगळे जोडलेले." ते थोडे थांबले. "जोडलेल्या हातांना दुसरं काही उचलता येत नाही गं. एवढंच बघून तो गप्प बसत असेल."

आवडी आपल्या हातांकडे बघत राहिली. फुलांचा वास होता त्यांना, आणि सुईची खूण. ते शब्द बांधताना तिने माडांची नावं घेतली होती, बळाचं नाव घेतलं होतं, आणि त्यात स्वतःला मात्र धरलं नव्हतं. पाण्यात गळ्यापर्यंत शिरून लेकीला ज्यांनी बाहेर काढलं, तेच हे हात होते. पण ते फक्त ती आपली लेक होती म्हणून. दुसऱ्या कोणाची पोर त्या दगडावर असती, तर ती काठावर उभी राहून म्हणाली असती, सरकारने काहीतरी करायला हवं. हे तिला तिथे, समईच्या उजेडात, हळूच कळलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तेव्हा गाव पाण्यात उतरलं. खांब रोवताना चिखलाने माणसं ओळखू येईनात; शेट कोणते आणि गुरव कोणता हे त्यांच्या बायकांनी आवाजावरून ठरवलं. आया काथ्या वळत होत्या. आवडी गाठी मारत होती. हार ओवणारी बोटं ती, गाठ सुटली नसती. पाणी दूर गेलेलं, बगळे जवळ येऊन बघत होते, आणि ऊन असं पडलं होतं की चिखलसुद्धा सोन्यासारखा दिसावा. काम करता करता कोणीतरी गुणगुणायला लागलं. पाणी परत आलं तेव्हा त्याला तिथे साकव दिसला. त्याने तो खालून चाचपून पाहिला आणि तो वाहून न नेता पुढे गेलं.

निळा फलक त्यांनी टाकून दिला नाही. शेटनी आग्रह धरून तो साकवाच्या मधोमध कठड्याला बांधला. साहेबांना पत्र गेलं, की येऊन बघा, आणि भरतीच्या वेळी या. साहेब आले. साकव पायांखाली हलला तेव्हा त्यांनी बांबू घट्ट धरला. भागीकाकू मागून म्हणाल्या, "घाबरू नका साहेब, आमच्या पोरांना सवय आहे." पूल अजून मंजूरच आहे. गाव अजून मागतंच आहे. पण आता मागताना गावाच्या घशातून निघणारा आवाज वेगळा आहे, आणि तो पलीकडे ऐकू जातो.

साकव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ऐन भरतीत शाळेची घंटा वाजली. काळा दगड पाण्याखाली होता. कुंदा दप्तर पाठीला लावून साकवावर चढली. आवडी काठावरच थांबली. जावं की थांबावं, तिचे पाय ठरवेनात. पोर निघाली, खोडं हलली, आणि आईने काठावरची काथ्याची गाठ हाताने चाचपून पाहिली.

मधोमध, फलकापाशी, कुंदा थांबली. खाली पाणी वाहत होतं, समुद्राकडून आलेलं, शाळा सुटल्यासारखं. तिने दोन्ही हातांनी बांबू धरला आणि बाबांसारखा गळा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! मला नीट पलीकडे ने रे म्हाराजा!"

या काठावर जाळी पसरणारे मच्छीमार होते, कालवं निवडणाऱ्या भागीकाकू होत्या, दुकान उघडणारे शेट होते. त्या काठावर मास्तर होते. कोणी देवळाकडे पाहिलं नाही. दोन्ही काठांनी त्या एवढ्याशा पोरीकडे पाहिलं आणि एका सुरात उत्तर दिलं.

त्यात आवडीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो ऐकून कुंदाने मान वळवून एकदा आईकडे पाहिलं, कुठून आला ते नीट बघून घेतलं, आणि हलत्या साकवावरून ती पुढे चालू लागली.